इनास आजोबांचं पिंप किलवणीला जातं

वापी स्टेशनाबाहेर सेलीन मला घ्यायला आली होती, पण तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती एका दुकानदाराशी दोरखंडावरून हुज्जत घालत होती.

"बेन, हा दोर हत्तीलाही पुरेल," दुकानदार म्हणत होता.

"मला हत्ती नाही न्यायचा, आजोबा न्यायचेत," असं म्हणून तिने ते वेटोळं खांद्यावर टाकलं आणि वळून मला पाहिलं. भर रस्त्यात तिने अशी मिठी मारली की ती, मी, दोर आणि माझी पिशवी असं एकच गाठोडं झालं. हाच दोर पुढे तुटला, हे आधीच सांगून टाकते.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी राजापूरच्या शाळेत नुकतीच लागलेली मास्तरीण होते. दिवाळीच्या सुट्टीत एसटीने मुंबई आणि तिथून रेल्वेने वापी असा प्रवास करून मैत्रिणीच्या घरी निघाले होते. सेलीन आणि मी डी.एड.ला एका खोलीत राहिलो. ती वसईकडच्या ख्रिस्ती घरातली. तिचे आजोबा इनास पोर्तुगीज अमलात सिल्वासाला एका साहेबाच्या घरी आचारी म्हणून गेले आणि तिथलेच झाले. पुढे साहेब गेला, त्याच्या बाटल्याही गेल्या. आजोबांच्या जिभेवरची चव मात्र गेली नाही. मग त्यांनी दुधनीजवळच्या आपल्या जागेतल्या जांभळांची वाईन करायला घेतली. दमणहून एक जुनं ओकचं पिंप आणलं आणि त्यात दर हंगामात नवा रस ओतत राहिले. पिंप पूर्ण रिकामं कधीच करायचं नाही, असा त्यांचा नेम होता. त्यातली थोडी वाईन विरजणासारखी नव्या रसाला लावायची. सेलीनचे वडील फ्रान्सिस सरकारी कचेरीत कारकून होते. पण रविवार आला की ते किलवणी गावी जाऊन विटा रचत. तिथे घराण्याची खरीखुरी वाईनरी उभी राहत होती, परवाना हातात आला होता आणि ती चालवायची होती सेलीनने.

"मग अडलंय कुठे?" मी जीपमध्ये विचारलं.

"पाण्यात," ती म्हणाली.

जीपमध्ये आमच्या मांडीला मांडी लावून खानदेशातले तीन कामगार बसले होते. नरोलीच्या कारखान्यात कामाला, भाड्याच्या खोलीत राहायला. त्यांच्यातल्या एकाने आपुलकीने चौकशी केली, "दोर कसाले वं ताई? म्हैस लिधी का?" सेलीनने सगळी हकिकत सांगितली. जीपवाला गुजरातीत हसला, कामगार अहिराणीत हसले आणि उतरताना त्यांनी पिंपाला शुभेच्छा दिल्या.

अडचण अशी होती. मधुबन धरणाचं पाणी चढत चढत आजोबांच्या जागेला तीन बाजूंनी वेढून बसलं होतं. गाडीवाट बुडाली होती. मागे उभा डोंगर. बाकीच्या बरण्या, भांडी आणि माणसं आधीच हलली होती. राहिलं होतं ते जुनं पिंप, आणि त्याच्याशेजारी आजोबा. वाईन कॅनमध्ये काढून नेऊ, असं फ्रान्सिसकाकांनी सुचवलं होतं. "कॅनमधून घासलेट नेतात," एवढं बोलून आजोबांनी मुलाशी बोलणंच टाकलं होतं. ते थेट मी पोहोचले त्या दिवसापर्यंत.

दुधनीच्या काठावर पोहोचलो आणि मी क्षणभर सगळं विसरले. केवढं ते पाणी! डोंगरांचे माथे तेवढे वर राहिलेले, त्यांच्यामध्ये निळी-हिरवी लांबच लांब वळणं. आम्हाला पलीकडे न्यायला जान्याभाऊ नावाचा मासेमार डुंगी (छोटी होडी) घेऊन उभा होता. सगळी कोकणी माणसं पोहणारी असतात असा त्याचा समज होता. माझ्याबाबतीत तो साफ चूक होता, पण मी बोलले नाही.

पलीकडे आजोबा पायरीवर बसले होते. डोक्याला फेल्ट हॅट, अंगात कोट, खाली लुंगी. मला पाहताच उठले.

"ये गो बाय. राजापूरची ना तू? तुमच्याकडे गंगा येते न् जाते म्हणं. बघ, आमच्याकडे पण आली. परत जायचं नाव नाय!"

जेवायला फुगे (आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोळे) होते आणि ताज्या माशाचं लालभडक कालवण. मासे मी घरीही खाते, पण असं कालवण मी त्याआधी खाल्लं नव्हतं. आमच्याआधीच येऊन पोहोचलेले फ्रान्सिसकाका समोर बसूनही वडिलांशी माझ्यामार्फत बोलत होते. "तुझ्या आजोबांना सांग, भात घ्या." आजोबा: "तुझ्या काकाला सांग, घेतलाय."

दुपारी मोहीम सुरू झाली. केळीच्या खांबांवरून पिंप घसरवत पाण्यापर्यंत आणलं. नरोलीच्या कारखान्यातून मागून आणलेले प्लास्टिकचे रिकामे ड्रम दोन्ही बाजूंना बांबूंनी बांधले आणि मधोमध ते काळंभोर, पोट सुटलेलं पिंप बसवलं. तराफा तरंगला. आम्ही टाळ्या वाजवल्या. सेलीनने वापीचा दोर एका टोकाला तराफ्याला बांधला, दुसऱ्या टोकाला डुंगीला.

"चला आजोबा, होडीत," ती म्हणाली.

आजोबा पाण्यात उतरले, तराफ्यावर चढले आणि घोड्यावर बसावं तसे पिंपावर स्वार झाले.

"हे एकटं नाय जाणार," ते म्हणाले.

"पप्पा, खाली उतरा!" फ्रान्सिसकाका ओरडले. कित्येक दिवसांत त्यांनी वडिलांशी थेट बोललेलं ते पहिलं वाक्य.

"होडी हाक," आजोबांनी उत्तर दिलं. तेही थेट.

आम्ही निघालो. पुढे डुंगीत जान्याभाऊ, काका, सेलीन आणि मी, मागे हॅटवाले आजोबा. पाणी शांत होतं, बगळे उडत होते. जान्याभाऊ कसलंसं गाणं म्हणत वल्हं मारत होता. मध्यावर आल्यावर खोऱ्यातून वारा सुटला. दोर एकदा करकरला, दुसऱ्यांदा करकरला आणि 'फट्' करून तुटला.

डुंगी एकदम हलकी झाली. आम्ही तिघं तोंडावर पडलो. मान वर केली तर आजोबा आमच्यापासून दूर चालले होते. त्यांनी कोटाची बटणं सोडली, कोट दोन्ही हातांनी शिडासारखा पसरला आणि त्यात वारा भरला. आणखी जोरात निघाले!

"पप्पा, कोट मिटा!"

"काऽय?"

"कोट! मिटा!"

आजोबांनी हॅट काढून हलवली. त्यांना वाटलं, मुलगा शाबासकी देतोय.

मला हसू यायला लागलं. म्हातारा माणूस, खोल पाणी, तीस-चाळीस हंगामांची वाईन, आणि मला हसू आवरेना. शेजारी पाहिलं तर सेलीन डोळे पुसत होती. रडतेय म्हणून मी तिचा हात धरला, तर ती हसत होती. फ्रान्सिसकाका मात्र पांढरेफटक पडले होते. बांबूची फळी घेऊन ते जीव तोडून पाणी मागे सारत होते आणि पुटपुटत होते, "पिंप जाऊ दे. जाऊ दे ते पिंप. पप्पा, फक्त घट्ट धरा." ते ऐकून आम्ही दोघीही हातांनीच पाणी मारायला लागलो. जान्याभाऊ म्हणाला, "चिंता नको करू शेठ, वारा काठालाच नेते." मग दबक्या आवाजात जोडलं, "कोणत्या काठाला, ते नाय माहीत."

वाऱ्याने आजोबांना एका पाड्याच्या काठी नेलं. तिथे बायका भांडी घासत होत्या. समोरून हॅट घातलेला म्हातारा पिंपावर बसून येतोय, हे पाहून त्या आधी पळाल्या आणि मग माणसं घेऊन परत आल्या. आम्ही पोहोचलो तेव्हा तराफा चिखलात रुतला होता आणि आजोबा खाटेवर बसून नागलीची भाकरी खात होते.

फ्रान्सिसकाका गुडघाभर चिखलातून धावत गेले आणि वडिलांसमोर उभे राहिले. ओरडणार असं वाटलं. पण ते खाली बसले आणि आजोबांचे ओले पाय स्वतःच्या शर्टाने पुसायला लागले.

"फ्रान्सू," आजोबा म्हणाले, "बूच बघ. पाणी शिरलं का बघ."

सगळा पाडा जमला. काकांनी बूच काढून रबरी नळीने पेलाभर वाईन काढली. ती जांभळी-काळी होती, हलल्यामुळे गढूळ झालेली. आजोबांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि पेला मुलाकडे दिला. मुलाने घेतला, पेला सेलीनकडे दिला. माझ्याने राहवेना.

"पाणी शिरलंय का?"

"तूच सांग," आजोबांनी पेला माझ्यापुढे धरला.

मी जन्मात दारूला शिवले नव्हते. घेतला. आधी जीभ आवळली गेली, मग नाकातून ऊन ऊन काहीतरी वर गेलं आणि घशात पिकल्या जांभळाचा वास उरला. "पाणी नाही," मी म्हणाले, आणि खात्री करायला आणखी एक घोट घेतला. पाड्यावर हशा पिकला. ज्यांनी आजोबांना ओढून काढलं होतं त्यांच्यात पेला फिरला. एका आजीने चव घेऊन तोंड वाकडं केलं, आमच्या मोहाची याहून चांगली, असं ठणकावून सांगितलं आणि पेला पुन्हा पुढे केला.

तिथून गाडीवाट होती. पाड्यातल्या बैलगाडीने पिंप डांबरी रस्त्यापर्यंत आलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रकने किलवणीला पोहोचलं. फ्रान्सिसकाकांची इमारत छोटी पण देखणी होती. पांढरा चुना, निळ्या खिडक्या, वर कौलं. काका आजोबांना हाताला धरून दाखवत होते. ही भिंत माझी, हा कोनाडा माझा. आजोबा भिंतीवरून हात फिरवत होते.

मग पिंप दाराशी आणलं. उभं केलं, आडवं केलं, तिरकं केलं. पिंपाचं पोट दारात मावेना.

काका मटकन खाली बसले. ते दार त्यांनी माणसासाठी केलं होतं. सेलीन म्हणाली, "राहू दे पप्पा, मी नव्या टाक्यांमध्ये..." पण तिचं वाक्य पुरं झालं नाही. आजोबाच म्हणाले, "काढ वाईन कॅनमध्ये. तुझी भिंत नको मोडू, फ्रान्सू. चांगली बांधलीस."

काका उठले, गवंड्याचा घण घेतला आणि आपल्या हाताने रचलेल्या भिंतीवर पहिला घाव घातला. दुसरा सेलीनने घातला. मलाही एक मिळाला. विटा पडत होत्या, चुन्याची धूळ उडत होती आणि आजोबा हॅटने ती वारत ओरडत होते, "पुरे! पुरे! ते पिंप हाय, बैलगाडी नाय!"

भगदाडातून पिंप आत गेलं, तेव्हा आम्ही सगळे पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे झालो होतो.

चार दिवसांनी मी निघाले. वाटेत गुजरात आणि तिथे दारूबंदी, त्यामुळे सोबत बाटली नेण्याचा प्रश्नच नव्हता. सेलीनने फुगे बांधून दिले. गाडीत मला मधूनच हसू फुटत होतं आणि समोरच्या बाई पदर सावरून दूर सरकत होत्या. घराण्याचा धंदा म्हणजे बापाने बांधावं आणि मुलाने गल्ल्यावर बसावं, असं मी आजवर समजत होते. इथे बापाने मुलाची भिंत वाचवण्यासाठी आपला हट्ट सोडला होता आणि मुलाने बापाच्या पिंपासाठी आपलीच भिंत फोडली होती. आता त्या भगदाडाला कमान करायची का दार, हे सेलीन ठरवणार होती.

राजापूरला आल्यावर घरी सगळं सांगितलं, माझे घोटसुद्धा लपवले नाहीत. आईने कपाळाला हात लावला. माझे वडील निवृत्त मुख्याध्यापक. चहाखेरीज दुसरं पेय त्यांनी कधी घेतलं नव्हतं. ते झोपाळ्यावर झोके घेत ऐकत होते. आता व्याख्यान होणार म्हणून मी मान खाली घातली.

झोपाळा थांबला.

"जांभळाची म्हणतेस," वडील म्हणाले. "तुरट लागते की गोड?"