शाईचं बोट

मतदान करून उस्मानपुऱ्यातल्या घरी आले, तरी बोटाचा तो कडवट वास जाईना. तीनदा साबण लावला. मुलगी म्हणाली, "आई, ती शाई आहे. निघणार नाही."

मला का ठाऊक नाही? कन्नडजवळ मी शिकवायचे त्या छोट्या शाळेत पट मोजायला साहेब आले होते, तेव्हा हीच शाई मुलांच्या बोटांना लावत होते, एकच मूल दोन शाळांत दाखवू नये म्हणून. पट भरला नाही तर शाळा बंद. चौथीतली संगीता आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली. मीच निरोप धाडला होता, शाई लावायला एक दिवस तरी पाठवा. पण भरवसा वाटेना. म्हणून तिच्या जागी शाळा सोडून घरी बसलेली एक मुलगी सतरंजीवर बसवली.

"संगीता?"

"हजर," ती मुलगी म्हणाली. साहेबांनी तिच्या बोटाला शाई लावली.

तेवढ्यात दारात खरी संगीता. केसांत उसाचं पाचट, धापा टाकत. "बाई, मी आले!"

"ही कोण?" साहेबांनी विचारलं.

"आमच्या शाळेतली नाही," मी म्हणाले.

संगीतानं माझ्याकडं पाहिलं, मग सतरंजीवरच्या मुलीकडं. "व्हय सर, पाणी प्यायला आले." माठातलं पाणी प्याली आणि निघून गेली.

शाळा वाचली. तिच्या हुशारीचं मी घरी कौतुकही केलं.

आता पुन्हा बेसिनपाशी उभी आहे. त्या दिवशी दारातून आत येताना संगीतानं डाव्या हाताचं बोट आधीच पुढं धरलं होतं.