आवाज करेल त्याने पान उलटायचं

शकूवन्सं गेल्या तेव्हा मी त्यांच्यासाठी तांदळाची पेज घेऊन दवाखान्याचा जिना चढत होते. वरच्या पायरीशी त्यांच्या खोलीवरची नर्स उभी होती. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि मला कळलं. पिशवीत डब्याखाली एक जुनं कॉमिक होतं, वन्संनीच आदल्या संध्याकाळी मागितलेलं. "उद्या येताना ते घोड्याचं आणा, वहिनी. आणि चष्मा पुसून आणा. वाचायचं तुम्हाला आहे." आमचं शेवटचं बोलणं ते एवढंच… पिशवी घरी परत आली, डबा घासून फडताळात गेला आणि कॉमिक त्यांच्या घरच्या खोलीतल्या खुर्चीवर राहिलं. काही आठवडे मी त्याला हात लावला नाही.

परवा माझ्या नातीने, ईराने, फोनवर विचारलं, "शकूआजी खरंच कॉमिक्स वाचायच्या, की आम्हाला बरं वाटावं म्हणून?" मला हसू आलं. मुलांनो, तुम्ही इतक्या लांब राहता की तुमच्यापर्यंत माणसांची फक्त शेवटची काही वर्षं पोचतात. म्हणून हे लिहिते आहे. आधीची वर्षंही तुमच्याकडे असावीत.

शकूवन्सं म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, साधारण माझ्याच वयाची. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं तेव्हा मी लग्न होऊन पुण्याहून सोलापुरात आले. इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, आणि सोबत पुस्तकांची एक ट्रंक. ती पुस्तकं मी उंचीप्रमाणे फळीवर लावली. दुसऱ्या दिवशी पाहते तर शेजारी कॉमिक्सची चळत. मी काही म्हणायच्या आत वन्सं म्हणाल्या, "राहू द्या शेजारी. भांडणार नाहीत." त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ड्युटी संपवून येताना त्यांच्या पर्समध्ये भाजक्या शेंगांची पुडी आणि गुंडाळी केलेलं एखादं कॉमिक हमखास असायचं, कधी स्टेशनवरच्या स्टॉलवरून घेतलेलं, कधी रद्दीवाल्याकडून. इंग्रजी, हिंदी, मराठी, काहीही चाले. त्या म्हणायच्या, दिवसभर माझ्या कानात माणसं असतात, पण दिसत एकही नाही. कॉमिक्समध्ये माणसं दिसतात आणि ऐकू येत नाहीत. दोन्ही मिळून माझा दिवस पुरा होतो.

त्यांची मतं मागावी लागत नसत. शेंगा सोलता सोलता त्या ती देत आणि टरफलांसारखीच मागे ठेवून उठून जात. मुखवटा घालणाऱ्या वीरांवर त्यांचा विश्वास नव्हता. आपल्या गल्लीत माणूस चालण्यावरून ओळखतात, तिथे डोळ्यांवर पट्टी बांधून काय होणार, असं त्यांचं म्हणणं. रंग रेषेबाहेर गेलेली, नायिकेच्या ओठांचा लाल रंग गालावर उतरलेली चित्रं त्यांना विशेष आवडत; घाईत छापलंय, घाईतच वाचायचं. पानावरची सगळ्यात चांगली चौकट म्हणजे जिच्यात कुणीच नाही ती. घोडा निघून गेलाय आणि नुसता रस्ता उरलाय, अशी. सिनेमावर त्यांचा जीव होता, सकाळची ड्युटी असली की दुपारी त्या मला ओढून मॅटिनीला नेत, पण सिनेमावाल्यांची त्यांना दया येई. "बिचाऱ्यांकडे ढग नाही," त्या म्हणायच्या. कॉमिक्समध्ये मनातलं दाखवायला डोक्यावर ढग काढता येतो. सिनेमात तो नाही, म्हणून नायकाला आरशासमोर उभं राहून स्वतःशी बोलावं लागतं. आणि मारामारी? नायकाच्या ठोशाला आणि खलनायकाच्या ठोशाला एकच आवाज, हा शुद्ध आळस. कॉमिक्समध्ये प्रत्येक ठोशाला स्वतःची अक्षरं असतात. मी कॉलेजात समीक्षा शिकले होते, पण इतकी स्वच्छ समीक्षा मी तिथे फार ऐकली नव्हती.

या आवडीचं खरं मोल मला कळलं ते मामंजी आजारी पडल्यावर. तुमचे पणजोबा. वन्सं त्यांना आप्पा म्हणत. ते कापडगिरणीत मागांच्या खात्यात जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. नुकतेच घरी बसले होते, आणि एका पहाटे त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि वाचा गेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, यांना समजतं सगळं. बोलणं आलं तर पहिल्या काही महिन्यांत येईल, पुढे आशा कमी. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात आम्ही तिघं आणि पलंगावर मामंजी.

भेटायला येणारे आधी त्यांच्याशी बोलत, मग त्यांच्याबद्दल बोलत, आणि थोड्याच दिवसांत ते तिथे नसल्यासारखे बोलू लागले. दुधनीच्या आत्या, म्हणजे मामंजींची बहीण, मनाने फार प्रेमळ. बोलताना निम्मं कानडी, निम्मं मराठी. त्याच एकदा खुंटीवरच्या लोकरी कोटाकडे बघून मला म्हणाल्या, "आता कोट कशाला लागतोय अण्णाला? कुणाला तरी दे की, पुढं थंडी हाय." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मामंजींनी डोळे मिटून घेतले. वन्सं उठल्या, कोट काढला, झटकला, आणि पलंगावरून सरळ नजरेला पडेल अशा खुंटीवर पुन्हा अडकवला. त्या संध्याकाळपासून त्यांनी आप्पांना कॉमिक्स वाचून दाखवायला सुरुवात केली.

त्यांची वाचायची एक पद्धत होती. कॉमिक आप्पांच्या मांडीवर उघडं ठेवायचं, स्वतः पलंगाच्या कडेला बसायचं. फुग्यांमधलं बोलणं त्या वाचत, राजाचं वेगळं, चोराचं वेगळं. पण जिथे मोठ्या अक्षरांत आवाज छापलेला असे… धडाम, फटाक, छपाक… तिथे त्या थांबत. तो आवाज त्यांनी कधी केला नाही. नियम असा, की आवाज करेल त्याने पान उलटायचं. कुणी केला नाही तर पान तसंच. त्या आप्पांकडे बघत राहत. मामंजींचा डावा हात चांगला होता, ते पान उलटायला जात, तर वन्सं त्यावर आपला तळवा ठेवत. ते रागाने बघत. मला ते पाहवत नसे. वन्सं मात्र खूश. "रागावलेत, वहिनी. म्हणजे गोष्टीत आहेत."

फारच वेळ गेला तर त्या मला बोलावत. मी स्वयंपाकघरातून हात पुसत येई आणि वर्गात हजेरी द्यावी तशी 'धडाम' म्हणून जाई. "तुमचा बॉम्ब ओला आहे," वन्सं म्हणत, आणि नियमाप्रमाणे मला पान उलटू देत.

आत्यांना हे अजिबात पसंत नव्हतं. त्या आल्या की भावाचा हात हातात घेऊन म्हणायच्या, "शिवा म्हण, अण्णा. एकदा शिवा म्हण." मामंजींचे ओठ थरथरत, घाम येई, आणि काही निघत नसे. मग आत्या डोळे पुसत वन्संवर घसरत. "बापाच्या कानावर देवाचं नाव पडू दे की. हे कसलं धडाम धुडूम लावलंयस?"

"देवाचं नाव घ्यायला सगळेच येतात आत्या," वन्सं म्हणाल्या. "आणि आप्पांचं सगळं आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलं. तिथे शब्द ऐकूच येत नव्हते कुणाचे. मागाचा आवाज बदलला की त्यांना कळायचं कुठला धागा तुटला ते. शब्द गेले असतील त्यांचे. आवाज कसे जातील?"

आत्यांना ते पटलं नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही ती वेडी आशाच वाटत होती. महिने सरत होते. ड्युटी सकाळची असो की रात्रीची, वन्संनी एक दिवस चुकवला नाही. डॉक्टरांची मुदत त्यांनाही ठाऊक होती. त्या तिच्याबद्दल बोलत नसत, पण रात्रपाळी करून आल्यावर चहासुद्धा न घेता आधी पलंगाशी जाऊन बसत.

संक्रांत आली. सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा, म्हणजे जत्रेचा बाजार, भरला, म्हणून आत्या दुधनीहून मुक्कामाला आल्या. दुपारची वेळ होती. त्या पलंगाच्या एका बाजूला, वन्सं दुसऱ्या बाजूला, मी दारात. कॉमिक होतं एका घोडेस्वाराचं. पाठलाग चुकवत तो किल्ल्याच्या दाराशी येतो, दार आतून बंद, मागून शत्रूची धूळ दिसते आहे. आत्या आधी तोंड फिरवून बसल्या होत्या, मग हळूहळू वळल्या, मग चक्क वाकून चित्र बघू लागल्या. घोडेस्वार दारावर लाथ मारतो. अर्ध्या पानभर लाल अक्षरं. वन्सं थांबल्या.

"पुढं काय झालं गं?" आत्यांनी विचारलं.

"आवाज आल्याशिवाय पान उलटणार नाही, आत्या."

आत्या भावाकडे वळल्या. मग शिवाबिवा सगळं विसरून भावाला म्हणाल्या, "म्हण की अण्णा काय ते. मला गड्ड्यावर जायचंय."

मामंजींची मान किंचित हलली. जबडा एका बाजूला ओढला गेला. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाजलं, आणि मग…

"ख… टाक्."

मामंजी स्वतःच दचकले होते. मग त्यांचा डावा हात सावकाश पुढे आला आणि त्यांनी पान उलटलं. वन्संनी त्यावर तळवा ठेवला नाही. त्या खिडकीकडे बघत होत्या, आणि त्यांचे खांदे हलत होते. आत्या पदराने डोळे पुसत म्हणत राहिल्या, "बोलला की… अण्णा बोलला की." आणि पदर खाली घेऊन पुढच्याच श्वासात, "आणि दार उघडलं का?"

त्या संध्याकाळी आत्या गड्ड्यावरून आल्या त्या कॉमिक्सचा गठ्ठा घेऊनच. त्यात एक भाज्यांच्या लागवडीचं पुस्तक निघालं. चित्रं आहेत म्हणून त्यांनी घेतलं होतं. वन्संनी तेही वाचून दाखवलं.

आधी आवाज आले, मग नावं. उन्हाळ्याच्या आत मामंजी 'शकू' म्हणाले. पूर्ण वाक्य त्यांना पुढे कधीच जमलं नाही, पण एका सकाळी त्यांनी खुंटीकडे बोट दाखवून 'कोट' म्हटलं. सोलापूरचा एप्रिल होता. वन्संनी त्यांना कोट घालून ओट्यावर नेऊन बसवलं, आणि येणारे-जाणारे त्यांच्याशी बोलू लागले. त्यांच्याबद्दल नव्हे, त्यांच्याशी.

मामंजी आणखी काही वर्षं होते. त्या काळात सोलापुरात टीव्ही पोचलेला नव्हता. आम्ही पुण्याला माझ्या भावाकडे गेलो तेव्हा वन्संनी तो पहिल्यांदा पाहिला. बाकीच्यांना ती पेटी लहान वाटली. वन्सं म्हणाल्या, "बरोब्बर चौकटीएवढी आहे. ही आपल्यातलीच." मधेच चित्र गेलं आणि व्यत्ययाबद्दल क्षमा मागणारी पाटी आली, तर त्यांना कोण आनंद झाला. परत आल्यावर त्यांनी सगळा कार्यक्रम आप्पांना करून दाखवला, केसात फूल माळलेल्या निवेदिकेसकट. पाटीपाशी आल्या आणि थांबल्या. मामंजींनी जराही वेळ न घेता "खर्रर्र" केलं, आणि हसता हसता दोघांनाही ठसका लागला. पुढे सोलापुरात टीव्ही आला, आमच्या घरी आला, तोवर मामंजी राहिले नव्हते. वन्सं मालिका बघताना मधेच थांबून पलीकडे, आप्पांच्या जागेकडे, बघत, हे मी अनेकदा पाहिलंय.

मुलांनो, तुम्ही मागच्या भेटीत त्यांना तुमचा तो आकाशात उडणाऱ्या वीरांचा सिनेमा दाखवलात. तुम्ही गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "आवाज फार आहेत, पण एकाचंही अक्षर दिसत नाही." तोवर त्यांची नजर अधू झाली होती, त्यामुळे कॉमिक्स मी वाचून दाखवत असे. ते सोपं नाही. "फुगा सांगितलात, चेहरा राहिला," त्या अडवायच्या. "कोण डावीकडे आहे ते आधी सांगा." मी शिकत गेले. फक्त आवाज मला कधी जमला नाही. तिथे आल्यावर मी थांबे, त्या तो दणक्यात करत, आणि चाचपत पानाचा कोपरा शोधून पान उलटत.

आज दुपारी मी त्यांच्या खोलीत गेले. खुर्चीवरचं कॉमिक उचललं आणि त्यांच्या जागी न बसता माझ्या जागी, पलंगाच्या कडेला बसले. चष्मा पुसला. पहिल्या चौकटीपासून मोठ्याने वाचायला लागले… कोण डावीकडे, कोण उजवीकडे, कुणाचा चेहरा कसा. घोडेस्वार किल्ल्याच्या दाराशी आला. लाल अक्षरं आली. मी सवयीने थांबले. त्या पानाचा खालचा कोपरा अंगठ्याने झिजून कापडासारखा मऊ झालाय. आधी मामंजींच्या, मग वन्संच्या.

मी तो कोपरा बोटांत धरला.

मग म्हणाले, "खटाक्."

स्वयंपाकघरातून आमच्या शांताबाई हातातलं टाकून धावत आल्या. "काय पडलं, आजी?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि पान उलटलं.