तीनदा वर, एक एंटर

हिलाल पाटील कुणावर विश्वास ठेवत नाही, हे लिंबायतमधल्या त्याच्या गल्लीत पोराठोरांना ठाऊक आहे. दूधवाल्याच्या मापात बोट बुडवून बघतो. रिक्षात बसला की उतरेपर्यंत हात खिशावर.

"तुमले आख्खं सुरत चोर दिसस," त्याची बायको प्रमिलाबाई म्हणते.

"म्हनीसन तं आजवर काही गयं नई," हा म्हणतो.

पारोळ्याकडून आला तेव्हा मिशी फुटलेली नव्हती. सव्वीस वर्षं लूमवर उभा राहिला. लूमवर धाग्याची तार तुटली की कारागीर गाठ मारून सांधतो, आणि ज्याची त्याची गाठ वेगळी. कापडावरून नुसता अंगठा फिरवला की हिलाल सांगायचा, ही अमक्याची, ही तमक्याची. आपल्या लूमला कुणी हात लावला तर दुसऱ्या दिवशी अंगठ्यानंच पकडायचा. अशा दोघांना त्यानं चार माणसांत उभं केलं होतं.

मग उजवा खांदा गेला. शेठनं पर्वत पाटियाच्या कारखान्यात त्याला पंख्याखाली खुर्ची दिली, समोर कॉम्प्युटर. लूमवर परत जाता येत नाही, गावात काही ठेवलेलं नाही. ही खुर्ची गेली तर घरी बसायचं, हे त्याला पुरतं कळत होतं. म्हणून तो खुर्चीवरही संशयानंच बसायचा.

काम तीन हुकमांचं. आलेलं नवं डिझाईन आत आणायचं, ते बारा लूमना पाठवायचं, मग जिथं आलं होतं ती जागा पुसून रिकामी करायची. काळ्या पडद्यावर इंग्रजीत लांबलचक ओळी. हिलालला इंग्रजी येत नाही. कॉम्प्युटर बसवून देणाऱ्या हर्षदानं पहिल्या दिवशी तिन्ही ओळी स्वतः लिहून चालवल्या आणि म्हणाली, "काका, तुम्हाला लिहायचं नाही. वरचा बाण दाबला की मागचा हुकूम परत येतो. हवा तो आला की एंटर."

त्यानं ओळी वाचल्या नाहीत, हिशेब पाठ केला. आण, पाठव, पुस, या क्रमानं हुकूम झालेले. तीनदा वर गेलं की 'आण' येतो. तो चालवला की तो यादीत शेवटी बसतो, म्हणून परत तीनदा वर गेलं की 'पाठव'. परत तीनदा, 'पुस'. दुसऱ्या दिवशी परत तेच. तीनदा वर, एक एंटर. लूमच्या ठोक्यासारखं. आठ महिने पडद्याकडे न बघता त्यानं कारखाना चालवला.

शेजारच्या टेबलावर अमळनेरचा भूपेंद्र डिझाईन काढतो. तो एकदा हसत म्हणाला होता, "आबा, गावले कव्हय जातस तुम्ही? तवलोंग मी बठसू तुमनी खुर्चीवर."

भूपेंद्र ते विसरला. हिलाल विसरला नाही. त्या दिवसापासून घरी जाताना तो बटनांवर एक बारीक धागा आडवा ठेवायचा.

एका सोमवारी सकाळी धागा फरशीवर पडलेला. हिलालनं हर्षदाला फोन लावला. "बेटा, या डब्बाले कोन हात लावस, ते कळस का?"

"कळतं ना. मी अक्षरं सांगते, तशी दाबा. हिस्ट्री म्हणतात त्याला. आजवरचे सगळे हुकूम दिसतील."

एका बोटानं त्यानं अक्षरं दाबली. यादी धाडधाड वर गेली. तीन लांब ओळी, परत त्याच तीन, परत त्याच. परकी ओळ नाही. तळाशी एक तोकडी होती, ती आत्ता त्यानंच लिहिलेली.

"पुसी टाकं व्हई त्यानी," असं पुटपुटत त्यानं फोन ठेवला आणि कामाला लागला. तीनदा वर, एंटर. तीनदा वर, एंटर. तिसऱ्या एंटरला ती यादीच परत पडद्यावर धावली. तेव्हा त्याची खात्रीच पटली, कुणीतरी आत शिरलंय.

दहा वाजता बोंब उठली. लग्नसराईच्या साडीला लावलेल्या नव्या तारांवर बाराही लूम शनिवारचं जुनं डिझाईन विणत होते. नवं डिझाईन यायच्या जागी नव्हतंच.

"शनिवारे संध्याकायले धाडेल व्हतं," भूपेंद्र म्हणाला.

"धाडंच नई यानी! मनी खुर्ची पाहिजे त्याले," हिलाल ओरडला. धाग्याची गोष्टही सांगितली.

शेठनं जुन्या माणसाचं ऐकलं. भूपेंद्रला आपल्या गुजरातीत म्हणाला, "तारी बॅग उठाव."

भूपेंद्र बॅगेची चेन लावतोय तोवर हर्षदा आली. तिनं यादी काढली. लांब ओळींच्या मधे एक तोकडी.

"देखा!" हिलालनं बोट टेकवलं. "ही मनी गाठ नई. कोनी मारी, या पोरले इचारा!"

"ही हिस्ट्री," हर्षदा म्हणाली. "आजची. सकाळी आठ दहाची. यादी मागणं हाही हुकूमच, काका. तो यादीत बसला आणि पुढचं सगळं एक घर सरकलं. 'आण' आलाच नाही. आधी 'पाठव' झाला, आत पडलेलं जुनं डिझाईन लूमना गेलं. मग 'पुस', आत न आणलेलं नवं पुसलं गेलं."

शेठला त्यातलं काही कळलं नाही. "पण दबावलं कोणी?"

भूपेंद्र नऊला येतो. हर्षदा हिलालकडे बघत राहिली. त्याचं बोट अजून काचेवरच होतं.

"गाठ मनीच शे," तो म्हणाला. "पोऱ्याले बठू द्या."

नंतर प्रमिलाबाईनं विचारलं, कबूल कसं केलं हो तुम्ही? तर म्हणाला, "मी नई बोलतू, तं ती पोर बोलतीच."

 तिसऱ्या दिवशी शेठ म्हणाला, "खुरशी तमारी, हिलालभाई. पण हवे वांचीने दबावजो."

हर्षदानं तिन्ही हुकमांची पहिली अक्षरं कागदावर मोठी काढून भिंतीला चिकटवली. आता हिलाल बाण दाबतो, ओळीवर बोट ठेवतो, भिंतीकडे बघतो, परत ओळीकडे बघतो, मग एंटर. पाच मिनिटांच्या कामाला वीस लागतात.

"आबा, आज तीनदा का चारदा?" भूपेंद्र रोज विचारतो. हिलाल ओळीवरचं बोट हलवत नाही.

धागा अजून ठेवतो. फक्त ठेवायच्या आधी पंखा बंद करतो.