न्हाई, म्हंजे होच की

माझ्या पोरीचं जमलेलं लग्न एका शब्दानं मोडता मोडता राहिलं, आणि तो शब्द माझ्याच तोंडातला होता. शिवी नव्हती, टोमणा नव्हता. साधा 'न्हाई'.

आता मी तापट आहे, ते मान्य. देवगाव फाट्यावर माझं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती खांद्यावर घालून आणतात आणि मी आतली तार नव्यानं भरून देतो. पिकाला पाणी द्यायच्या दिवसांत सगळे एकदम डोक्यावर येऊन बसले की माझा आवाज चढतो, तो पार फाट्यावर उभ्या असलेल्या जीपवाल्यांपर्यंत जातो. ते तिकडून ओरडतात, "हळू! मोटार पुन्हा जळंल!" पण मनात काही नसतं हो. ओरडून झालं की मीच सगळ्यांना चहा पाजतो.

पूर्ण्याचं स्थळ माझ्या मेव्हण्यानं आणलं होतं. मुलगा रेल्वेत, सरळ, कमी बोलणारा. बघायला आले तेव्हा पोरीनं मुरमुऱ्यांचा सुशीला केला होता. "अजून देऊ का?" तिनं विचारलं, आणि पोरगा लगेच म्हणाला, "द्या." आमच्या घरात असं एका दमात कुणी 'द्या' म्हणत नाही. पोरगी बघतच राहिली. आधीची सगळी स्थळं तिनं नाक मुरडून परतवून लावली होती. त्या दिवशी मात्र पाव्हणे गेल्यावर गाणं गुणगुणत भांडी घासत बसली. बायकोनं मला कोपरानं ढोसलं. मला काय, मी तर कधीच खूश झालो होतो.

दुसऱ्या दिवशी दुकानावर मुलाच्या वडिलांचा फोन आला. शेजारी एक मोटार चालू करून बघत होतो, तिचा घूंऽऽ आवाज. "काय ठरलं मग, पाव्हणे? पसंत हाय का स्थळ?"

मी म्हणालो, "न्हाई, पसंत म्हंजे काय, लय पसंत हाय! कधी येताव सुपारी फोडायला ते बोला!"

एवढं भरभरून बोललो, आणि घरी येताना पेढेही घेऊन आलो. फाट्यावरचं नेटवर्क पहिल्या शब्दालाच गेलं होतं, हे मला त्या घरघरीत कळलंच नाही. पूर्ण्याला पोचला तो फक्त 'न्हाई'.

आठवडा गेला तरी तिकडून हूं नाही की चूं नाही. पोरीचं गाणं बंद झालं. एक दिवस सकाळी मेव्हण्याचा फोन. बायकोनं स्पीकरवर टाकला.

"दाजी, पोरगी द्यायची नव्हती तर आधी सांगायचं. त्यांच्या तोंडावर न्हाई म्हणून फोन ठेवला म्हणं तुमी?"

"न्हाई! मी कुठं न्हाई म्हणालो?"

"आत्ताच म्हणालाव की," बायको म्हणाली.

"न्हाई, हे वेगळं."

"आणि हे?"

माझा पारा चढला. "न्हाई, तुमी सगळे मिळून खामखा माझ्यावर..." आणि तिथंच थांबलो, कारण पोरगी आतून येऊन समोर उभी राहिली होती. डोळे लाल.

"पप्पा, चहा घेता का?"

"न्हाई, घेऊ की थोडा."

"दुकान उघडायचंय ना आज?"

"न्हाई, उघडायचंच हाय."

"मी तुमची पोरगी हाय ना?"

"न्हाई, म्हंजे हायेसच की गं!"

ती रडता रडता फिसकन हसली. बायको तर पदर तोंडात धरून खालीच बसली. फोनवरचा मेव्हणाही खो-खो हसत होता. मी एकटा तेवढा उघडा पडल्यासारखा उभा होतो. आयुष्यभर जी जबान वापरली ती मी पहिल्यांदा ऐकत होतो.

बायकोनं आधी सांगितलं नव्हतं असं नाही. दर वेळी मी उडवून लावायचो. का, ते आता कळतं. माणसाला सवयीची लाज नसते, ती कबूल करायचा धाक असतो. आज 'न्हाई'ची खोड निघाली, उद्या आणखी काय काय निघेल! पोत्याचा एक टाका उसवला की सगळी शिवण सुटते, म्हणून आपण पहिल्या टाक्याला हातच लावत नाही. थोरला भाऊ घरी आला तेव्हा त्याला हे सगळं हसत हसत सांगायला गेलो, कारण त्यालाही तीच खोड. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "न्हाई, मला न्हाई बा तसली सवय." वर रागावून जेवायचंही थांबला नाही.

सवय आली कुठून, तेही मग आठवलं. लहानपणी कुणाकडं गेलो की आई दारातच बजावायची, "कुणी काही दिलं तर आधी न्हाई म्हणायचं. हावरट दिसू न्हाई." आम्ही भाऊ लाडवाकडं बघत 'न्हाई' म्हणायचो आणि हात पुढं करायचो. मला हे आठवलं आणि इतकं हसू आलं, इतकं बरं वाटलं, की काय सांगू! माझा 'न्हाई' नकार नव्हताच. ती आईची शिकवण होती, जागा सोडून भलतीकडं उगवलेली.

पण पूर्ण्याच्या पाव्हण्यांना हे कोण सांगणार? मेव्हणा म्हणाला, "आता फोन नको दाजी, सोता चला. नाराज हायेत ते." निघायच्या आदल्या संध्याकाळी पोरीनं माझी शाळा घेतली. "सवाल आला की आधी होकाराची मान हलवायची, मग तोंड उघडायचं." मी बरोबर म्हणालो की तळहातावर शेंगदाणे ठेवायची. पहिल्या तासात एकही शेंगदाणा मिळाला नाही. सकाळी मी, बायको आणि मेव्हणा निघालो तेव्हा दारात तिनं माझी कॉलर नीट केली. "पप्पा, फक्त 'हो' म्हणा. बाकी काही बोलू नका."

पूर्ण्याला मुलाचे वडील खुर्चीत ताठ बसून होते. "पाणी घेता का?" मी मान हलवली. "प्रवास बरा झाला?" मान हलवली. त्यांनी मेव्हण्याकडं बघितलं, "घसा बसला काय ह्यांचा?" मग थेट माझ्याकडं वळून म्हणाले, "स्पष्टच विचारतो पाव्हणे. पोरगी देताव का आमच्या घरात?"

जिभेच्या टोकावर 'न्हाई' आलाच होता. बायकोनं चिमटा घेतला. मी डोळे मिटले आणि दुकानातल्या आवाजात ओरडलो, "होऽऽ!"

शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. मुलाचे वडील दचकले, मग त्यांचा चेहरा हळूहळू फुलत गेला.

"न्हाई, मग सवालच मिटला!" ते म्हणाले. "न्हाई, आमाला बी पोरगी लय पसंत हाय!"

मी डोळे उघडले. मेव्हणा छताकडं बघत होता. बायकोचा पदर पुन्हा तोंडात. मुलगा माझ्याकडं बघून ओठ दाबत होता, आणि आतून त्याच्या आईचा आवाज आला, "किती वर्षं झाली, सांगून सांगून थकले मी!"

"काय सांगितलं?" पाव्हणे गोंधळले. "कामून हसायलाव सगळे? न्हाई, मला कुणी काही बोललंच न्हाई!"

मला सांगता आलं असतं. पण त्यांच्या त्या भोळ्या, चिडलेल्या तोंडाकडं बघून मला त्यांचा इतका लळा लागला की मी उठून त्यांना मिठीच मारली. वेळ येईल तेव्हा कळेल त्यांना. माझ्या पोरीच्या हातात सापडणारच होते.

लग्न थाटात झालं. मी आता बराच सुधारलोय, असं मला वाटतं. बायकोला वाटत नाही. पोरगी गाडीत बसायच्या आधी माझ्यापाशी आली. मी मांडवाचा दोर उगाच सोडत होतो.

"पप्पा, रडायलाव का?"

"न्हाई."

तिनं तिच्या शालूच्या पदरानं माझं तोंड पुसलं आणि कानाशी येऊन म्हणाली, "फिकर करू नका. तिकडं बी 'न्हाई'च म्हणतेत. करमंल मला."