पोळ्याच्या रांगेतले विमान

कुसुमताई देव्हारे यांना मी प्रथम पाहिले ते मोताळ्याच्या बंद पडलेल्या, सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात, विमानाच्या पोटाखाली. निवृत्त मुख्याध्यापिका पदर खोचून कबुतरांची घाण खरवडत होत्या. मी तहसीलमधला कारकून, गंमत बघायला थांबलो होतो. "उभे काऊन राह्यले? फडकं घ्या," त्या म्हणाल्या. तेव्हापासून मी त्यांच्या विमान जतन मंडळात आहे.

हे विमान लढाईतले नव्हे. आपल्या भागातल्या कपाशीवर औषध फवारणारे ते छोटे विमान. फवारणीची कंपनी बंद पडली आणि ते इथेच राहिले. शहरातल्या जाणकारांनी ते किरकोळ ठरवले, तेव्हा ताईंनी त्यांना तोंडावर सांगितले, "तुमच्यासाठी किरकोळ असन. आमच्या वावरावरून उडे ते." आम्हाला रिकामटेकडे म्हणणारे गावातही कमी नव्हते. म्हणोत बापडे! आम्ही दर रविवारी गंज घासतच राहिलो. जागा आमची नव्हती, एवढीच धास्ती होती.

ताईंचा धाक मोठा, माया त्याहून मोठी. माझी पत्नी दवाखान्यात असताना मी सवयीने आवारात आलो, तर त्यांनी माझ्या हातातला पॉलिश पेपर काढून घेतला. "विमान कुठी पळून नाही जात. तिच्यापाशी जा." संध्याकाळी त्या स्वतः डबा घेऊन दवाखान्यात हजर.

वावरात राबला त्याचा पोळा, या न्यायाने मंडळ दरवर्षी विमानालाही झूल घालून, बेगड लावून बैलांच्या रांगेत उभे करते. जिनिंगची जागा विकत घेणाऱ्या नव्या मालकांनी विमान परस्पर भंगारात विकले आणि ते ओढून न्यायला माणसे पाठवली, ती नेमकी पोळ्याच्या सकाळी. ताई ट्रॅक्टरच्या चाकापुढे उभ्या राहिल्या.

"पोळ्याच्या दिवशी कोणी बैल विकते काय रे?"

ट्रॅक्टरवाल्याने झुलीकडे पाहिले आणि साखळी खाली ठेवली. "हे पाप मले नाही पाह्यजे, बाई." तोवर बैल घेऊन निघालेले अर्धे गाव आवारात जमले होते. सौदा मोडला.

मालकांनी हट्ट मात्र सोडलेला नाही. 'बाई आता किती दिवसांच्या?' असे ते चारचौघांत विचारतात. ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघालेला हा गौरवग्रंथ मालकांना मी स्वतः नेऊन देणार आहे. ताई, पंचाहत्तरी झाली. आता शंभरी गाठा, ठणठणीत राहून, अशाच भांडत. मालकांना बसू द्या वाट बघत.