पिकअपच्या पाटीवरचा रिकामा चौकोन

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत मी क्वालिटीत आहे. म्हणजे एका हातात ड्रॉइंग, दुसऱ्या हातात कॅलिपर, आणि जे ओतीव कास्टिंग ड्रॉइंगप्रमाणं नसेल त्याच्यावर लाल रंगाची फुली. वीस-पंचवीस वर्षं हेच केलं की माणसाच्या डोळ्यांत काहीतरी कायमचं बिघडतं. घरी चपाती एका बाजूला जाड आली तरी माझी नजर तिथंच जाते. बायको ताट ठेवताना म्हणते, "मारा की फुली. रंगाचा डबा आणू?"

हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढं जे केलं ते अडाणीपणानं केलं असं कुणाला वाटू नये. मी ते सगळं अतिशय व्यवस्थित केलं.

कसबा बावड्यात आमच्या घरामागं पत्र्याची शेड आहे, आणि त्या शेडमध्ये आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पिकअप उभी असायची. परदेशी कंपनीची. माझ्या जन्माआधी घेतलेली, वीसेक वर्षं बंद. पुढचं नाक आणि बॉनेट लोखंडी, आणि तिथून मागं सगळं लाकूड. केबिन लाकडाची, दारं लाकडाची, मागचा हौदा लाकडाचा, हौद्याचा फाळका साखळी-कडीनं बंद व्हायचा. या गाडीनं आबांनी गूळ वाहिला, उसाचं बियाणं वाहिलं, आम्हा भावंडांना शाळेत आणि आईला दवाखान्यात नेलं.

चार वर्षांपूर्वी काचबिंदूनं आबांची दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. डोकं मात्र शाबूत. तेव्हापासून त्यांचा एकच नेम होता. सकाळी आंघोळ झाली की भिंतीला हात लावत शेडमध्ये जायचं, पिकअपचं दार उघडायचं आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसायचं. डावा हात स्टिअरिंगवर, उजवं कोपर खिडकीत. दहा-साडेदहापर्यंत. "कुठंपर्यंत पोचलासा, आबा?" असं मी विचारलं की म्हणायचे, "हुपरी मागं पडली."

आता कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, चाललंय ते चालू दे. पण मी क्वालिटीतला.

झालं असं की एका रविवारी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं, ते बघायला गेलो. तिथं एका टोपीवाल्या गृहस्थांना मी मोबाइलवर आमच्या गाडीचा फोटो दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा केला, आणि आमच्या हौद्याकडं मी खराब कास्टिंगकडं बघतो तसं बघितलं. "ही लाकडी भानगड काय आहे? ओरिजिनल नाही ही. कंपनीतून निघाली तशी करा, मग बघा."

कंपनीतून निघाली तशी! म्हणजे या गाडीचंही कुठंतरी ड्रॉइंग असणार. माझ्या अंगात वारं शिरलं. आणि वर मनाला समजूत अशी घातली, की आबांसाठीच करायचं. गाडी चालती करायची, नव्यासारखी करायची, आणि आबा जायच्या आधी त्यांना एकदा त्यांच्याच गाडीतून फिरवून आणायचं. कुणाला सांगायचं नाही. आश्चर्याचा धक्का द्यायचा.

बॉनेट उघडलं. आतल्या पत्र्यावर रिबिटांनी बसवलेली ॲल्युमिनियमची पाटी होती. रॉकेलनं पुसली, वर कागद ठेवून पेन्सिल घासली, आकडे उठले. गाडीचा नंबर, इंजिनाचा नंबर, दोन चाकांमधलं अंतर. खाली दोन चौकोन होते, एक बॉडीसाठी, एक रंगासाठी. दोन्हींत काही उठलं नाही. मी भिंग लावून बघितलं आणि वहीत लिहिलं : 'अक्षरे झिजली आहेत.'

मग जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या एका ग्रुपवर फोटो टाकला. जगभरची मोठी सज्जन माणसं. नंबरावरून कुणी साल काढून दिलं, कुणी इंजिन सहा सिलिंडरचं असल्याचं सांगितलं. या मॉडेलला केबिन लोखंडी, हौदा लोखंडी. त्या वर्षी रंग चार, त्यांतला गडद हिरवा जास्त खपायचा. एकानं जुन्या जाहिरातीतलं मापांसकट चित्र पाठवलं. हेच ड्रॉइंग! एकानं तेवढं विचारलं होतं, "केबिन कंपनीचीच होती, खात्री आहे ना?"

मी लिहिलं, "अर्थात."

गाडी उद्यमनगरात पत्र्याचं काम करणाऱ्याकडं गेली. आबांना सांगितलं, इंजिनाचं काम काढलंय. ते म्हणाले, "करा. पर लई दिस लावू नका म्हणावं." दुसऱ्या दिवशी सवयीनं शेडमध्ये गेले आणि रिकाम्या जागेत उभे राहिले. नंतर सकाळचे पडवीत बसायला लागले. हात कुठं ठेवायचा ते त्यांना कळत नसे. कधी मांडीवर, कधी खुर्चीच्या पाठीवर.

काढलेलं लाकूड टेम्पोनं घरी आलं. मी एकेक फळी तपासली. एकही फळी दुसरीच्या मापाची नाही. दाराच्या वरच्या पट्टीला तर चक्क खळगा पडलेला. झीज, प्रमाणाबाहेर. तिच्यावर खडूनं फुली मारताना मला बरं वाटल्याचं आठवतं.

बायकोनं विचारलं, "अवो, एवढ्या लाकडाचं करायचं काय?"

आबांना गिझरचं पाणी चालत नाही. ते पाणी नुसतं गरम असतं, त्याला धग नसते, असं त्यांचं मत. त्यामुळं आमच्याकडं अजून तांब्याचा बंब आहे. मी म्हणालो, "बंबात घाल."

हिवाळाभर ते लाकूड पुरलं. एकदा आंघोळ करून बाहेर येताना आबा थांबले. नाक वर करून म्हणाले, "साग जाळतंय कोण?"

"जुनं खोकं हाय, आबा."

"सागाचं खोकं? श्रीमंत झालासा की रं." आणि हसत पडवीत गेले.

पत्र्याचं काम संपलं, रंग तेवढा राहिला. हिरवाच होता की दुसरा कुठला, याची शंका माझ्यासारख्याला झोपू देईना. उद्यमनगरातच आबांच्या ओळखीचे एक म्हातारे मिस्त्री होते. त्यांचे वडील आधी बैलगाड्या करायचे आणि नंतर मोटारींच्या बॉड्या. आता काम सोडून घरी असतात. मी जाऊन बसलो. "चाचा, आमच्या आबांची पिकअप आठवत असेल तुम्हाला. कंपनीतून आली तेव्हा रंग कुठला होता, एवढंच सांगा."

"रंग?" चाचांनी माझ्याकडं नीट बघितलं. "रंग कुठला आलाय, पावणं? लाल प्रायमर हुता. कंपनीनं पाठवलं ते निस्तं नाक, इंजन, चासी आन् चार चाकं. मागं काय बी न्हाई. तवा तसंच यायचं. बॉडी ज्याची त्यानं बांधायची."

"केबिन?"

"बसायला शीट बी न्हवतं! मालधक्क्यावर उतरवून घ्यायला तुमचे आबा आन् आमचे अब्बा गेलते. मी बी संगं. आबांनी गुळाचं खोकं ठिवलं चासीवर, त्याच्यावर बसले, आन् गावातनं अशी आणली गाडी... लोक हसत्यात, कुत्री मागं लागल्यात. शिकंदर वाटायलता माणूस!"

पाटीवरचे दोन चौकोन माझ्या डोळ्यांसमोर आले. तिथं काही झिजलं नव्हतं. तिथं कधी काही ठोकलंच नव्हतं. कंपनीनं प्रामाणिकपणे रिकामे ठेवले होते.

माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "मग बॉडीचं ड्रॉइंग?"

"ड्रॉइंग कसलं?" चाचा हसायला लागले. "आबाच ड्रॉइंग! खोक्यावर बसवलं, म्हटलं, असं बसा निवांत. टाळू जितं, तितनं चार बोटं वर छप्पर. गुडघा वाकला तितं फळी. आन् कोपर सोडा म्हटलं. सोडलं तितं खूण केली, ती खिडकी. वर अब्बांनी पट्टी कोरून दिली कोपराएवढी. म्हणाले, हा माणूस जलमभर हितंच हात ठेवणार, त्याला टोचाय नको. साग आबांनी सोता निवडून आणलावता." मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "लाकूड हाय न्हवं ठेवलेलं?"

"व्हय," मी म्हणालो.

"मग काय बिघडलं न्हाई. परत चढवायचं."

घरी आलो तो सरळ बंबाकडं गेलो. कोपऱ्यात एकच तुकडा उरला होता. बायकोनं त्याच्यावर साबणाची बादली ठेवली होती. फाळक्याचा तुकडा, साखळीच्या कडीसकट. कडी निघेना, म्हणून जाळायचा राहिला होता. ती कोरलेली पट्टी कुठल्या दिवशी जळाली कोण जाणे. त्या पाण्यानं आबांनी आंघोळ केली, हे मात्र नक्की.

रंगाऱ्यानं तोवर हिरवा मारून टाकला होता.

गाडी घरी आली त्या सकाळी गल्लीतली माणसं जमली. फोटो निघाले. टोपीवाले गृहस्थ मुद्दाम आले आणि म्हणाले, "आता शंभर टक्के ओरिजिनल." अशी गाडी कंपनीनं परक्या मुलखात कुणाकुणासाठी केली असेल. आमच्यासाठी केली नव्हती. ती मी केली.

आबांना हाताला धरून बाहेर आणलं. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, मग दारावर, मग हौद्यावर. नखानं पत्रा वाजवला. मी दार उघडून त्यांना आत बसवलं. पाव्हण्याच्या गादीवर बसावं तसे ते कडेला बसले. स्टिअरिंग हाताला लागलं. कोपर उजवीकडं गेलं आणि खाली जात राहिलं. खिडकी चांगली चार बोटं खाली होती. हात थोडा वेळ हवेत थांबला आणि मांडीवर आला.

"चांगली हाय," आबा म्हणाले. "पत्रा हाय सगळा. उन्हात तापंल. कुणाची म्हणायची?"

सगळं सांगायचं असं मी रात्रीच ठरवलं होतं. वाक्यं जुळवून ठेवली होती. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते, "माझ्या एका मित्राची."

"असं? त्या पाव्हण्यास्नी च्या दिलासा का न्हाई? उनातनं आल्यात." आणि घराकडं तोंड करून हाक मारली, "सूनबाई, पाव्हणं आल्यात. च्या टाका जरा."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. दोन कप घेऊन आली. एक आबांनी घेतला. पाव्हण्याचा मी प्यायलो.

हिरवी गाडी आता शेडमध्ये उभी असते. आबा तिकडं जात नाहीत. लोकाच्या गाडीत उगीच कशाला बसायचं, म्हणतात. फाळक्याचा तो तुकडा मी माळ्यावर ट्रंकेमागं सरकवून ठेवलाय. आंघोळीला जाताना त्यांचा हात भिंतीवरनं, बादलीवरनं, सगळ्यावरनं फिरतो. ती कडी त्यांच्या हाताला एकदा लागली, तर सगळं कळायला त्यांना पाटीची किंवा माझी, कुणाचीच गरज पडायची नाही.

सकाळी पडवीत बसले की ते विचारतात, "आपल्या गाडीचं काय म्हनत्यात मिस्त्री?"

"चाललंय काम," मी म्हणतो, आणि ड्यूटीला निघतो.