मरोद्याची रिकामी वाटी

मथुराबाईला नवऱ्याने पहिली लाथ मारली तेव्हा तिच्या अंगाची हळदही पुरती उतरली नव्हती. लाथही साधीसुधी नव्हती. भिलाईच्या पोलाद कारखान्यात कामगारांना लोखंडी टोपीचे बूट मिळतात, पायावर काही पडलं तर बोटं वाचावीत म्हणून. देवाजी कोक ओव्हनच्या भट्टीवर ड्यूटी करून आला, बूट न काढताच जेवायला बसला आणि पहिल्याच घासाला त्याला भाजी खारट लागली. एवढंच कारण. बरगडीत कळ गेली आणि पवनीकडच्या शेतकऱ्याची ती धडधाकट पोरगी मरोदा सेक्टरच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये भिंत धरून खाली बसली. त्याने तिचे केस मुठीत धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं. दुसऱ्यांदा आपटणार तोच मागचं दार ढकलून कुणीतरी आत आलं.

"मथुरा, मूठभर साखर दे वो. पाव्हने आले घरी."

शेजारच्या गिरजाबाई होत्या. नवरा भय्याजी रेल्वेत गँगमन, समोरच्या खोलीत बाबासाहेबांचा मोठा फोटो, आणि बाईचा आवाज असा की दोन गल्ल्यांत ऐकू जावा. हातात रिकामी वाटी. मथुराच्या कपाळावरून रक्त ओघळत होतं, पण गिरजाबाईंनी तिकडे पाहिलंच नाही. पाट ओढला आणि ऐसपैस बसल्या. तेवढ्यात समोरच्या तुळसाबाई तेल मागायला आल्या, त्यांच्या हातात वाटी. मग आणखी एक, आणखी एक. कुणाकडे पाहुणे नव्हते आणि कुणाच्या घरातली साखर संपली नव्हती. बायका नळाच्या पाण्याविषयी बोलत बसल्या, आणि देवाजी उगारलेला हात कुठे ठेवावा हे न कळून मधोमध उभा राहिला. शेवटी सायकल घेऊन बाहेर निघून गेला. तो गेल्यावर गिरजाबाईंनी पदर ओला करून मथुराचं कपाळ पुसलं.

त्या गल्लीची ही रीतच होती. कुणाच्या घरातून धपाधप आवाज आला की ज्या बाईच्या कानी पडेल तिने हातातलं काम टाकायचं, रिकामी वाटी घ्यायची आणि चालू पडायचं. भांडायचं नाही, समजवायचं नाही. नुसतं काहीतरी मागायचं आणि पुरुष बाहेर जाईपर्यंत उठायचं नाही. मरोद्यात हे जमायचं, कारण तिथे सगळा जन्मच पायी चालायचा. क्वार्टरला क्वार्टर लागून, मागची दारं एकाच बोळात उघडणारी. शाळा पायी, बाजार पायी, दवाखाना पायी. दिवसभर त्या बोळात कुणी ना कुणी चालत असायचं, आणि चालणाऱ्या माणसाला ऐकू येतं. गाडीच्या काचा वर करून बसलेल्याला काय कपाळ ऐकू येणार!

त्यानंतर देवाजीचा हात काही वेळा उठला. एकदा पट्ट्याने त्याने तिची पाठ सोलून काढली, एकदा तिचं मनगट मोडलं. दर वेळी वाट्या आल्या. आणि मग एक दिवस तो हात उठायचा थांबला तो थांबलाच. मनगट प्लॅस्टरमध्ये असताना देवाजीने हळद घातलेलं दूध न बोलता तिच्यापुढे ठेवलं होतं. मथुराबाईने तो पेला मनात जपून ठेवला. नवऱ्याला आपली दया आली, त्याचं काळीज विरघळलं, असं तिने मनाशी धरलं आणि त्या एका समजुतीवर पुढचा सगळा संसार रेटला. बाईमाणूस कशावर संसार करेल सांगता येत नाही. पुढे वाटी घेऊन धावणाऱ्यांत तीच पहिली झाली.

अशी ही शहाणी बाई, पण मुलीच्या लग्नात तिने माती खाल्ली. दिपालीला मागच्या गल्लीतल्या शुभमचं स्थळ आलं होतं. मुलगा प्लांटमध्ये लागलेला, आईबाप ओळखीचे. मथुराबाईने नाक मुरडलं. "चालत जाता येते असं सासर काय कामाचं? पोट्टी रोज दारात येऊन उभी राहीन." गल्लीतल्या सगळ्याच आयांना असं वाटायचं. आपण जन्मभर पायी चाललो, मुलीने गाडीतून उतरावं. मग नेहरू नगरचा प्रशांत आला. हायवेला लागून तीन मजली घर, खाली कोचिंग क्लास, वर राहणं, दारात चकचकीत गाडी. जावई गोड बोलायचा, वाकून पाया पडायचा. मथुराबाई हुरळून गेली.

नेहरू नगरच्या त्या रस्त्यावर माणसं दूध आणायलाही गाडीने जातात. घरांना उंच फाटकं, खिडक्यांना एसी, आणि दिवसरात्र ट्रकांचा गोंगाट. शेजारणीचं नाव दिपालीला वर्ष झालं तरी ठाऊक नव्हतं. प्रशांत फार हुशार होता. तोंडावर मारायचा नाही. पाण्याच्या पाइपचा तुकडा कपाटामागे ठेवलेला, मारायचं ते पाठीवर आणि मांड्यांवर, खिडक्या लावून. दिपाली पहिल्यांदा जिवाच्या आकांताने ओरडली तेव्हा तिला वाटलं, आता कुणीतरी वाटी घेऊन येईल. मरोद्यात वाढलेली पोर ती, तिला तेवढंच माहीत. ती मार खात दाराकडे बघत राहिली आणि दार उघडलं नाही.

माहेरी आली की पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालायची. एकदा गिरजाबाईंनी पाठीवरून हात फिरवला तर ती कळवळली. गिरजाबाईंनी मथुराबाईकडे पाहिलं. दोघींनाही कळलं, पण दिपाली म्हणाली, "कुछ नहीं, आई. जिन्यावरून पडली मी." आणि मथुराबाईने, जिने आयुष्यभर दुसऱ्यांची दारं ढकलली, तिने स्वतःच्या लेकीचं हे दार ढकललं नाही. एवढं मोठं घर आपणच शोधलेलं, ते खोटं कसं म्हणायचं?

मग एका दुपारी फोन आला.

"आई, थोडं विरजन हाय का वो तुह्याकडे?" दिपालीचा आवाज बोबडा येत होता, जबडा हलत नसल्यासारखा. "वाटीभर आनून देशीन का?"

मागून प्रशांत विचारत होता, "किससे बात कर रही है?" मग काहीतरी जड पडल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

दही पाकिटातून घरपोच येणाऱ्या घरात विरजण कोण मागतं? मथुराबाईने फळीवरची स्टीलची वाटी उचलली आणि तशीच निघाली. बोळात गिरजाबाई दिसल्या. वाटी पाहून त्यांनी फक्त "कोनाकडे?" विचारलं. "दिपालीकडे," म्हणताच म्हातारीही घरात शिरून आपली वाटी घेऊन आली. पण हे काही चार पावलांवरचं घर नव्हतं. ऑटो मिळेना. मिळाला तो वाटेत सवारी भरत राहिला. शेवटी त्याने हायवेच्या अलीकडे उतरवलं आणि बोट दाखवलं, "वो सामने ही तो है." समोर घर दिसत होतं, वरच्या मजल्याची बंद खिडकी दिसत होती, आणि मध्ये ट्रकांची रांग संपत नव्हती. पायी माणसाने रस्ता ओलांडावा असं तिथे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. मथुराबाई दुभाजकाच्या कठड्यावर चढली, गुडघा फुटला, एका ट्रकवाल्याने आईवरून शिवी हासडली. पलीकडे पोचेपर्यंत ती देवाला नाही, त्या रस्त्याला शिव्या देत होती.

फाटकाला कुलूप. घंटी वाजवून बोट दुखलं. मग तिने वाटीनेच फाटक बडवायला सुरुवात केली. वाटी चेमटली. गिरजाबाईंनी आपला तो दोन गल्ल्यांचा आवाज लावला. शेजारच्या घरातून एक गाडी बाहेर पडली, आतल्या बाईने काचेतून या दोघींकडे पाहिलं आणि गाडी निघून गेली. समोरच्या गच्चीवर एकजण आला आणि फोनवर बोलत परत आत गेला. मथुराबाईला त्या क्षणी मुलीच्या माराइतकीच याची भीती वाटली. एवढी घरं होती आणि एकही माणूस चालत बाहेर येत नव्हता.

फाटक उघडलं ते खालच्या क्लासची बॅच सुटली म्हणून. पाठीवर दप्तरं घेतलेल्या मुलामुलींचा लोंढा बाहेर आला आणि त्या लोंढ्याविरुद्ध ढकलत या दोघी आत घुसल्या. क्लासच्या दारात प्रशांत उभा होता, हातात खडू, बाहीची घडी जशीच्या तशी. बायकोला मारून तो खाली येऊन शिकवत होता! विद्यार्थी बघत होते म्हणून त्याला हसावं लागलं. "अरे आई, अचानक?" ती उत्तर न देता जिना चढली.

दिपाली मोरीत पडली होती. जबडा एका बाजूला सरकलेला, उजव्या कानातून रक्त येऊन मानेवर सुकलेलं, हाताची दोन बोटं उलटी वाकलेली. तिने आईच्या हातातली वाटी पाहिली आणि लहान मुलीसारखी हुंदके देऊ लागली. दोघींनी तिला दोन्ही खांद्यांवर तोलून खाली आणलं. फाटकाशी अजून पोरं रेंगाळत होती, म्हणून प्रशांतने अडवलं नाही.

जबडा तारांनी बांधला. उजवा कान कायमचा गेला. पोलिसांत तक्रार दिली, ती तिच्या गतीने चालू लागली. दिपाली मरोद्यात राहिली, आणि प्रशांत तिला न्यायला येणार हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

तो आला रविवारी, दिवसाढवळ्या, गाडी थेट बोळात घालून. बोळ अरुंद, दोन्ही आरसे कुंपणांना घासले. मथुराबाई पुढच्या बाजूला कपडे वाळत घालत होती. त्याने घरात शिरून दिपालीला दंडाला धरून ओढत मागच्या अंगणात आणलं. "घर की बात घर में रहेगी. चल." जबडा बांधलेली पोर ओरडूही शकत नव्हती. नुसता घशातून घरघर आवाज निघाला. बोळात तेवढा आवाज पुरला. गिरजाबाई वाटी घेऊन पुढे झाल्या. "जवाईबापू, जराशी साखर पायजे होती."

प्रशांतने म्हातारीच्या तोंडावर मारलं.

वाटी घरंगळत गेली. गिरजाबाईंच्या ओठातून रक्ताची धार लागली. त्या गल्लीत इतकी वर्षं वाटी फिरली, पण वाटीवर कधी कुणी हात टाकला नव्हता. मागोमाग वाट्या घेऊन आलेल्या बायका जागीच थबकल्या. या माणसाला कसली लाज? तो गाडीत बसून जाणार, पुन्हा या दारांवरून जायचं होतं कुणाला? मग मथुराबाईने चेमटलेली वाटी मुठीत धरली आणि तिच्या कडेने त्याच्या भुवईवर घाव घातला. कातडं उसवून रक्त डोळ्यात उतरलं. दुसरा घाव नाकावर बसला, नाकाचं हाड मोडल्याचा आवाज आला. तुळसाबाईंनी मागून पाठीत वाटी घातली, आणि मग कोण कुठे मारतंय कळेना. तो दिपालीचा दंड सोडून गाडीकडे धावला, तर गाडीच्या पुढे आणि मागे बायका उभ्या.

त्या बायकांमधून वाट काढत देवाजी आला. त्याच्या हातात रिकामी वाटी होती. पुरुषाच्या हातात वाटी त्या गल्लीने पहिल्यांदाच पाहिली. मथुराबाई त्याच्याकडे बघतच राहिली.

"चाबी दे," देवाजी म्हणाला. "गाडी मागून कोनालेबी पाठवून नेजो. तू पायी जाय."

"पापाजी, मैं..."

"पायी जाय म्हनलं ना!"

प्रशांत चालू लागला. प्रत्येक दारात एक बाई, हातात वाटी, तोंडातून शब्द नाही. नाकातलं रक्त पुसत तो आधी भराभर चालला, मग मान खाली गेली. एका दाराशी त्याच्याच क्लासची एक मुलगी आजीशेजारी उभी होती. तिला पाहून त्याने तोंडावर हात घेतला. बोळाच्या टोकाला पोचला तेव्हा तो ढसाढसा रडत होता. पुन्हा तो मरोद्यात आला नाही. गाडी न्यायला माणूस आला, जाताना आरसा तुटला.

संध्याकाळी देवाजी पायरीवर बसला होता. मथुराबाई जवळ येऊन उभी राहिली. आज तिचं मन भरून आलं होतं.

"अजी, त्याले पायीच कावून धाडलं?"

"मले ठाऊक होतं म्हनून," देवाजी म्हणाला. "तुले मारलं की दुसऱ्या दिवशी मले याच बोळातून ड्यूटीवर जा लागे. दारादारात बाया उभ्या. कोनी काई बोले नाई. भट्टीसमोर भाजलो नाई तेवढा मी या बोळात भाजलो. त्याच्यानं हात थांबला माहा."

"माही दया नव्हती आली?"

देवाजीने खोटं बोलायला हवं होतं. पण त्या दिवशी त्याला खोटं बोलता आलं नाही. "दया असती तं पयल्याच लाथेले आली असती, मथुरा."

ती आत गेली. हळदीच्या दुधाचा तो पेला, इतकी वर्षं जपलेला, आतल्या आत फुटला आणि तिला रडू आलं नाही. दिपाली डाव्या कुशीवर शांत झोपली होती. मथुराबाईने चूल पेटवली, वांग्याची भाजी टाकली आणि डब्यातून मूठभर मीठ काढून भाजीत घातलं. ताट वाढून त्याच्यापुढे ठेवलं आणि समोर बसली.

देवाजीने पहिला घास घेतला. तिच्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली आणि ताटातली सगळी भाजी खाल्ली.